झळ पाच मिनिटांची, जागरण दोन तासांचं

वाचकाचं पत्र

माझं वय 51. चार वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. पाळी दोन वर्षांपूर्वी थांबली. कॅन्सर परवडला पण या रात्री नकोत, असं म्हणायची वेळ आली आहे.

झोप भरून निघावी म्हणून साडेनऊलाच आडवी होते. डोळा लागायला पावणेअकरा वाजतात. पावणेदोनच्या सुमारास घामाने चिंब होऊन उठते, कपडे बदलते आणि मग चार वाजेपर्यंत टक्क जागी. घड्याळाकडे बघायचं नाही म्हणते आणि दर दहा मिनिटांनी बघते. साडेसहाला कशीबशी उठते. सुट्टीच्या दिवशी नऊपर्यंत लोळते, दुपारीही पडते. दिवसाचं वेगळंच. मीटिंगमध्ये बोलता बोलता छातीपासून कानापर्यंत भडका उठतो आणि सगळे आपल्याकडेच बघतायत या विचाराने पुढचं वाक्य विसरते.

हार्मोन्स मला चालणार नाहीत, हे ऑन्कॉलॉजिस्टनी आधीच सांगितलंय. परवा झोपेचं विचारलं तर म्हणाले, "बिहेवियरल थेरपी घेऊन बघा, सीबीटी." खरं सांगते, मला ते लागलं. घाम माझ्या अंगातून येतोय, उशी भिजतेय, आणि हे मला समुपदेशकाकडे धाडतायत! म्हणजे हे सगळं माझ्या मनाचे खेळ आहेत का? कॉफी बंद केली, मोबाइल खोलीबाहेर ठेवला, झोपेचे सगळे नियम पाळून झाले. मैत्रीण सोयाच्या गोळ्या घे म्हणते. अधूनमधून झोपेची अर्धी गोळी घेते, पण तिचीही भीती वाटते. काय करू?

— रात्रभर जागी

उत्तर

ताई, आधी तुमच्या रागाबद्दल. तो रास्त आहे. डॉक्टरांनी दोन शब्दांत सल्ला दिला आणि त्यामागचं कारण सांगायचं राहून गेलं, म्हणून तो टोमण्यासारखा लागला. सल्ला मात्र चांगला आहे. सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि सवयी यांवर काम करणारा उपचार. तुमच्या परिस्थितीत मीही हाच दिला असता.

हे मनाचे खेळ नाहीत. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचं तापमान सांभाळतो. खोलीच्या एसीचा थर्मोस्टॅट जसा ठरावीक आकडा ओलांडला की चालू होतो, तसंच इथे चालतं. थोडीफार चढउतार शरीर खपवून घेतं, मर्यादा ओलांडली की घाम तरी सुटतो नाहीतर कुडकुडायला होतं. रॉबर्ट फ्रीडमन या संशोधकाने ही मर्यादा मोजली. ज्या स्त्रियांना पाळी जाताना अशा झळा, म्हणजे हॉट फ्लॅश, येत नव्हत्या, त्यांच्यात हा खपवून घेण्याचा पट्टा सुमारे 0.4 अंश सेल्सिअस रुंद होता. ज्यांना येत होत्या त्यांच्यात तो जवळजवळ शून्यावर आला होता. म्हणजे पांघरूण अंगावर ओढण्याइतक्या किरकोळ कारणानेही शरीराला वाटतं की आपण तापलो. मग कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, छाती धडधडते, घाम फुटतो आणि काही मिनिटांनी थंडी वाजते. यामागे इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी होण्याने चेकाळलेल्या मज्जापेशींचा एक गट आहे. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून शास्त्रज्ञ त्याला लाडाने 'कँडी' म्हणतात. इतक्या छळवादी गोष्टीला इतकं गोड नाव का दिलं असेल, कोण जाणे. तुमच्या बाबतीत टॅमॉक्सिफेन ही आगीत तेलाची धार आहे. झळा हा त्या गोळीचा नेहमीचा त्रास आहे. आणि म्हणूनच एक ताकीद आत्ताच देते: झळांना कंटाळून ती गोळी मनाने बंद करू नका, एक आठवडासुद्धा.

मग शरीरात घडणाऱ्या गोष्टीवर वागण्याचा उपचार कसा काय? तुमचंच पत्र पुन्हा वाचा. पावणेदोनला घाम आला. एक झळ साधारण एक ते पाच मिनिटांची असते, कपडे बदलायला आणखी दहा धरा. दोन वाजता तुमचं शरीर पुन्हा झोपायला मोकळं होतं. तुम्ही जाग्या राहिलात चारपर्यंत. ते दोन तास झळेचे नव्हते. त्यात काय होतं ते तुम्हीच लिहिलंय: घड्याळ, उद्याची काळजी, आणि अंथरुणावर पडून झोपेची वाट बघणं.

आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञाने निद्रानाशाची तीन थरांत मांडणी केली होती. काहींची झोप मुळातच हलकी असते. मग काहीतरी घडतं आणि झोप मोडते. तुमच्याकडे कॅन्सर, पाळी जाणं आणि टॅमॉक्सिफेन अशी तिहेरी कारणं आहेत. आणि तिसरा थर म्हणजे मोडलेली झोप भरून काढायला आपण जे करतो ते. लवकर आडवं होणं, सुट्टीला लोळणं, दुपारी पडणं. हे सगळं करावंसं वाटणं अगदी साहजिक आहे, आणि नेमकं तेच निद्रानाशाला महिनोन्महिने पोसत राहतं. पहिल्या दोन थरांवर थेरपी फारसं काही करू शकत नाही. तिचं काम तिसऱ्या थरावर आहे, आणि तिथे ती चांगलीच चालते.

हिशोब करू. तुम्ही साडेनऊ ते साडेसहा, म्हणजे नऊ तास अंथरुणावर असता. पावणेअकरा ते पावणेदोन तीन तास आणि चार ते साडेसहा अडीच तास, अशी एकूण साडेपाच तास झोप होते. नऊपैकी साडेपाच म्हणजे 61 टक्के. याला स्लीप एफिशियन्सी म्हणतात. ती 85 टक्क्यांच्या वर असली की झोप चांगली धरतात. उरलेले साडेतीन तास तुम्ही रोज रात्री अंथरुणावर जागं राहण्याचा सराव करता आहात. शरीर ते शिकतं. मग दिवसभर डोळे मिटत असतात, पण उशीला डोकं टेकलं की खाडकन जाग येते. असं होतं ना तुम्हाला?

आता पुरावा, कारण तुम्हाला तो हवा असेल. निद्रानाशासाठीच्या सीबीटीला सीबीटी-आय म्हणतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 साली सांगितलं की जुनाट निद्रानाश असलेल्या कुठल्याही प्रौढ माणसाला पहिला उपचार हाच द्यावा, गोळी नंतर. त्याच वर्षी पाळी जाण्याच्या काळातल्या स्त्रियांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निद्रानाश आणि झळा दोन्ही असलेल्या 106 जणी होत्या. निम्म्यांना आठ आठवड्यांत सहा वेळा फोनवरून सीबीटी-आय दिली, तीही दर वेळी अर्ध्या तासाच्या आत. बाकीच्यांना तेवढेच फोन करून मेनोपॉजची माहिती दिली. आठ आठवड्यांनी थेरपीच्या गटातल्या 70 टक्के जणींचा निद्रानाश मोजणीच्या पट्टीवर 'नाही' या खान्यात गेला होता. माहितीच्या गटात असं 24 टक्के जणींचं झालं. सहा महिन्यांनी हेच आकडे 84 आणि 43 होते.

पण याच प्रयोगातली दुसरी बाजूही ऐका. झळांची संख्या कमी झाली नाही. थेरपी घेतलेल्या बायकांना झळा येतच होत्या, मात्र त्या झळांनी दिवसाच्या कामात घातलेला व्यत्यय कमी झाला. थेरपीमुळे घाम बंद होईल असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर त्याच्याकडे जाऊ नका. तुम्हाला मिळू शकतं ते हे: घाम येईल, जाग येईल, आणि तुम्ही पंधरा-वीस मिनिटांत परत झोपाल.

झळांसाठीची सीबीटी थोडी वेगळी असते. ती लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये मायरा हंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. त्यांची 2012 सालची पहिली मोठी चाचणी तुमच्यासारख्याच बायकांवर होती. स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांनंतर झळांनी हैराण झालेल्या 96 जणींपैकी निम्म्यांना आठवड्यातून एकदा दीड तास, असे सहा आठवडे गटात बसवून थेरपी दिली. झळांचा त्रास किती वाटतो, हा आकडा त्यांच्यात लक्षणीय घटला आणि सहा महिन्यांनीही घटलेलाच राहिला. नेदरलँड्समध्ये 254 जणींवर हाच प्रकार इंटरनेटवरून करून बघितला, 2019 मध्ये त्याचे निकाल आले. तिथेही उपयोग झाला. थेरपिस्ट जवळपास मिळत नसेल तर ही बाब लक्षात ठेवा.

आता प्रत्यक्षात काय करतात ते सांगते. थेरपी म्हटल्यावर कोचावर पडून बालपणाच्या आठवणी सांगणं तुमच्या डोळ्यासमोर आलं असेल. यात तसं काही नाही. यात वही, पेन आणि बरीचशी शिस्त लागते.

सुरुवात झोपेच्या नोंदवहीपासून. रोज सकाळी उठल्यावर, रात्री नव्हे, अंदाजाने लिहायचं: किती वाजता आडवी झाले, साधारण कधी डोळा लागला, किती वेळा जाग आली, एकूण किती वेळ जागी होते, कधी उठले, दिवसा झोपले का, गोळी घेतली का. झळ आली असेल तर एक फुली. आकडे अचूक हवेत म्हणून रात्री घड्याळ बघायचं नाही, अंदाज पुरतो. मनगटावरच्या घड्याळाने मोजलेली झोपही नको. ती मशिनं अंथरुणावर निपचित पडलेल्या माणसाला बिनदिक्कत झोपलेला ठरवतात, आणि सकाळी त्यांचे आकडे बघून काहींची झोप अजूनच उडते.

पंधरा दिवसांची नोंद झाली की झोपेची खिडकी, म्हणजे अंथरुणावर घालवायचा ठरावीक वेळ, ठरते. तुमची सरासरी साडेपाच तास निघाली असं धरू. त्यात अर्धा तास मिळवून सहा तासांची खिडकी. उठायची वेळ साडेसहाच ठेवू, मग अंथरुणावर जायची वेळ साडेबारा. हो, साडेबारा. "मला झोप नाही आणि तुम्ही मलाच जागवता?" असं प्रत्येकजण म्हणतं. पण तुम्ही आत्ताही साडेपाच तासच झोपताय. ते साडेपाच तास नऊ तासांवर पातळ पसरलेत, ते सलग करायचे आहेत. जागं राहण्याने झोपेची भूक साठते आणि ती साठली की मधली जाग लवकर मिटते. आठवड्याने पुन्हा हिशोब करायचा. सहा तासांत सव्वापाच तास झोप लागली, तर ते 87-88 टक्के झाले, मग पंधरा मिनिटं बक्षीस, सव्वाबाराला आडवं व्हायचं. 80 टक्क्यांच्या खाली असेल तर पंधरा मिनिटं कापायची. मधे असेल तर आहे तसंच चालू. असं दर आठवड्याला सरकत सरकत तुम्हाला पुरेल एवढ्या झोपेपर्यंत जायचं. खिडकी पाच तासांपेक्षा लहान कधीही करायची नाही.

पहिले दोन आठवडे वाईट जातात. ही गोष्ट आधी सांगितली नाही तर लोक चौथ्या दिवशी सोडून देतात. दिवसा पेंग येईल, चिडचिड होईल, आणि या काळात लांबचं ड्रायव्हिंग करू नये. तुमच्या अंगात कॅन्सरच्या उपचारांचा थकवा अजून असेल तर एकदम साडेबारावर उडी न मारता सौम्य मार्ग घ्या: पहिल्या आठवड्यात साडेदहा, मग अकरा, मग साडेअकरा. वेळ जास्त लागतो, पण झेपतं. आणि ज्यांना बायपोलर आजार आहे, फिट्स येतात, झोपेत चालायची सवय आहे किंवा ज्यांचं काम यंत्रावर वा वाहनावर आहे, त्यांनी हा भाग तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करूच नये. झोप कमी केल्याने बायपोलरमध्ये मेनियाचा झटका येऊ शकतो, फिट येऊ शकते.

या खिडकीच्या जोडीला रिचर्ड बूटझिन यांनी 1972 साली मांडलेले नियम आहेत. इतक्या वर्षांत त्यांत फारसं काही बदलावं लागलेलं नाही. अंथरूण फक्त झोपेसाठी आणि शरीरसंबंधासाठी. तिथे वाचन नाही, हिशोब नाही, फोन नाही, भांडण तर नाहीच. डोळ्यांवर झापड आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. नुसता थकवा म्हणजे झोप येणं नव्हे. वीसएक मिनिटांत झोप लागत नाही असं वाटलं की उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि पापण्या जड झाल्या की परत यायचं. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ तीच, सुट्टीलाही. दुपारची झोप बंद. यातला एकच नियम पाळायची ताकद असेल तर उठायच्या वेळेचा पाळा.

तुमच्या त्या पावणेदोनच्या जागेसाठी तयारी संध्याकाळीच करून ठेवा. कोरडा सुती कपडा, उशीवर टाकायला टॉवेल, पाण्याचं भांडं, सगळं हाताशी, म्हणजे मोठा दिवा लावून कपाट उघडायची वेळ येणार नाही. पांघरूण एक जाड नको, दोन पातळ असू द्या. झळ आली की तिच्याशी झगडायचं नाही. खांदे सैल सोडा आणि पोटातून सावकाश श्वास घ्या, मिनिटाला सहा ते आठ. या श्वासाबद्दल इंटरनेटवर फार बढाया मारलेल्या दिसतात. नुसत्या श्वासाने झळा कमी होतात असं चाचण्यांत दिसलेलं नाही. इथे त्याचं काम एवढंच की धडधडणारं शरीर आणि घाबरलेलं मन एकमेकांना चढवत बसू नयेत. फ्रीडमन यांच्याच मांडणीप्रमाणे मेंदूतलं ताणाचं रसायन नॉरअ‍ॅड्रेनालिन वाढलं की तो तापमानाचा पट्टा आणखी आकसतो. तेव्हा रात्री दोन वाजता "मेले, उद्याचा दिवस गेला" हा विचार तुम्हाला दोन बाजूंनी महागात पडतो.

त्या विचाराचं काय करायचं? "चांगला विचार कर" असं मी म्हणणार नाही, रात्री दोनला कुणाला चांगले विचार येतात! विचार खरा आहे का, एवढंच तपासायचं, आणि तेही दिवसा, वहीत. मागच्या आठवड्यात ज्या रात्री सर्वात वाईट गेल्या, त्यांच्या दुसऱ्या दिवशी नेमकं काय झालं ते लिहा. बहुतेक असं निघतं की दिवस कष्टात गेला, पण गेला. काम झालं, एखादं राहिलं. मग त्या विचाराच्या जागी ठेवायला तुमचं स्वतःचं, तुम्हाला पटलेलं वाक्य मिळतं. "वाईट झोपेनंतरचा दिवस मी याआधी निभावलाय." यात गोडवा काही नाही, पण ते खरं असल्यामुळे दोन वाजताही टिकतं.

मीटिंगमधल्या भडक्यालाही हीच रीत. झळ शरीराची, पण वाक्य विसरायला लावतो तो "सगळे बघतायत" हा विचार. एक प्रयोग करा. पुढच्या वेळी झळ आली की बोलणं थोडं सावकाश करा, थांबू नका. नंतर विश्वासातल्या एखाद्या सहकाऱ्याला विचारा, "मघाशी माझ्यात काही वेगळं दिसलं का?" आतून वणवा वाटणारी गोष्ट बाहेरून पुष्कळदा कुणाच्या ध्यानातही येत नाही. आणि आलीच, तर "मला जरा गरम होतंय, खिडकी उघडता का?" एवढं म्हणून पुढे बोलायचं. भीतीपोटी मीटिंग टाळणं, बाजूला बसणं, बोलायचं काम दुसऱ्याला देणं, या टाळाटाळीने धास्ती वाढत जाते.

तुम्ही झोपेचे सगळे नियम पाळले म्हणता ते खरंच असणार. कॉफी, मोबाइल, अंधारी खोली, हे ठीक आहे, त्यात वाईट काही नाही. पण निद्रानाश एकदा मुरला की एवढ्याने तो जात नाही. 2019 साली पाळी गेलेल्या 150 स्त्रियांवर झालेल्या चाचणीत नुसत्या झोपेच्या नियमांपेक्षा सीबीटी-आय आणि झोपेची खिडकी दोन्ही बऱ्याच सरस ठरल्या. तेव्हा नियम पाळूनही फरक पडला नाही याचा दोष स्वतःला देऊ नका. औषधच अपुरं होतं.

सोयाच्या गोळ्या नकोत. नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटीने 2023 साली हार्मोनविरहित उपचारांची छाननी केली, तेव्हा सोया आणि वनस्पतींच्या गोळ्यांची शिफारस केली नाही. सीबीटी आणि क्लिनिकल हिप्नोसिस, म्हणजे उपचार म्हणून दिलेलं संमोहन, यांची केली. शिवाय सोयात इस्ट्रोजेनसारखं वागणारी द्रव्यं असतात, त्यामुळे तुमच्यासारख्या पेशंटने ऑन्कॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय त्यांच्या गोळ्यांना हात लावू नये. योग आणि व्यायाम झळांवरचा उपचार म्हणून त्या यादीत बसले नाहीत, पण तुम्ही करत असाल तर सोडू नका. त्यांचे फायदे वेगळे आहेत.

थेरपी सुरू करण्याआधी काही गोष्टी तपासून घ्या. पाळी गेल्यावर स्लीप अ‍ॅप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण वाढतं आणि बायकांमध्ये ते वारंवार निसटतं, कारण त्या घोरण्याची तक्रार घेऊन येत नाहीत, "झोप लागत नाही, थकवा आहे" म्हणतात. तुमच्या यजमानांना विचारा, तुम्ही घोरता का, मधेच श्वास थांबल्यासारखा वाटतो का. थायरॉइड बघून घ्या. रात्री पाय सारखे हलवावेसे वाटत असतील तर रक्तातलं फेरिटिन तपासा, लोह कमी असलं की हा त्रास होतो. घामासोबत ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर मेनोपॉजवर ढकलून न देता लगेच डॉक्टरांना सांगा. टॅमॉक्सिफेन चालू असताना अंगावरून रक्त गेलं, थेंबभरही, तरी तेच.

थेरपीच्या जोडीला औषध लागलं तर त्यात कमीपणा नाही. हार्मोनविरहित गोळ्या आहेत, पण तुमच्यासाठी एक खाच आहे. झळांसाठी वापरलं जाणारं पॅरॉक्सेटिन हे टॅमॉक्सिफेनला शरीरात कामाचं रूप घेऊ देत नाही, म्हणून ते टाळतात. व्हेन्लाफॅक्सिनचा असा अडथळा फारसा होत नाही. गॅबापेंटिन हा आणखी एक पर्याय आहे, ते रात्री घेतलं की झोपही येते. निवड ऑन्कॉलॉजिस्टचीच. आणि हा मजकूर वाचणाऱ्या ज्या स्त्रियांना कॅन्सर झालेला नाही, त्यांनी यावरून हार्मोन्सची धास्ती घेऊ नये. झळांवर सर्वात जोरकस उपचार आजही हार्मोन्सच आहेत. वय, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास, हृदयविकार हे बघून डॉक्टर ठरवतात. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2024 साली सीबीटीला हार्मोन्सच्या जोडीने किंवा ज्यांना ते चालत नाहीत त्यांच्यासाठी जागा दिली आहे. "वर्षभर कळ काढ, जाईल आपोआप" हा सल्ला मात्र कुणी देऊ नये. अमेरिकेतल्या स्वान या दीर्घ अभ्यासात वारंवार येणाऱ्या झळांचा मध्यक कालावधी 7.4 वर्षं निघाला, म्हणजे निम्म्या जणींना त्याहून जास्त काळ त्या आल्या.

थेरपिस्ट निवडताना सरळ विचारा: "तुम्ही सीबीटी-आय करता का? झोपेची नोंदवही आणि झोपेची खिडकी वापरता का?" उत्तर गुळमुळीत आलं किंवा फक्त रिलॅक्सेशनची टेप हातात पडली, तर दुसरा शोधा. चार ते आठ भेटींत काम होतं; वर्षानुवर्षांचं प्रकरण नाही. कुणीच मिळत नसेल तर अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या खात्याने बनवलेलं 'इन्सोम्निया कोच' हे मोफत अ‍ॅप आहे, ते इंग्रजीत आहे पण नोंदवही आणि खिडकीचा हिशोब त्यात होतो. हंटर यांच्या दुसऱ्या चाचणीत 140 जणी होत्या आणि त्यात पुस्तिका वाचून स्वतः करणाऱ्यांनाही गटात बसणाऱ्यांइतकाच फायदा झाला होता.

घरातल्यांना आधी सांगून ठेवा की काही आठवडे तुम्ही साडेबारापर्यंत जाग्या दिसाल, रात्री उठून दुसऱ्या खोलीत बसाल, आणि तुम्हाला "आता तरी झोप" म्हणायचं नाही. या उपचारात सर्वात जास्त मोडता प्रेमाने घातला जातो. रात्री अकराला दिवाणखान्यात डुलकी लागली तर मात्र यजमानांनी जरूर उठवावं.

राहिली ती अर्धी गोळी. ती एकदम टाकून देऊ नका, विशेषतः रोज घेत असाल तर. अचानक थांबवल्यावर झोप आधीपेक्षा बिघडते आणि मग गोळीशिवाय आपलं होतच नाही असं वाटायला लागतं. कुठल्या रात्री घेतली ते नोंदवहीत लिहीत चला आणि ती पंधरा दिवसांची पानं घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी कशी कमी करत न्यायची, व्हेन्लाफॅक्सिन लागेल का आणि अ‍ॅप्नियाची तपासणी करायची का, या तिन्हींचं उत्तर त्यांना त्या पानांवरून देता येईल.